काड्यापेट्यांचं गाव

"तिथं गाव ठेवू नका हो," डॉक्टर म्हणाले.

"का? नियमात बसतं." मी पुस्तिका उघडून त्यांच्यापुढं धरली. "टेबलाच्या कडेपासून वीतभर आत, ओढ्यापासून चार बोटं लांब. बसतंय की!"

"नियमात बसतंय. पण असं गाव तुम्ही कुठं पाहिलंय का, सबनीस?"

नव्हतं पाहिलं. खरं सांगायचं तर मी गावंच फारशी पाहिली नव्हती. वाढलो पुण्याच्या पेठेत, इतिहासात एम. ए. केलं, परीक्षा दिली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नायब तहसीलदार होऊन त्या तालुक्याला येऊन पडलो. ही शहाऐंशी सालची गोष्ट. गावं मला दिसायची ती जीपच्या काचेतून, आणि जीप थांबली की हार घेऊन उभे असलेले चार लोक दिसायचे. तेवढ्यावरून मी स्वतःला ग्रामीण भागाचा जाणकार समजायला लागलो होतो.

डॉक्टर हेमाडे तालुक्याचे पशुवैद्य. प्राचीन लढाया टेबलावर खेळायचं वेड त्या अख्ख्या गावात आम्हा दोघांनाच होतं. नियमांची पुस्तिका माझ्या एका मित्रानं परदेशातून पाठवली होती आणि मी तिचं मराठी करून वहीत उतरवलं होतं. क्लबानं टाकून दिलेलं टेबल टेनिसचं टेबल डॉक्टरांच्या पडवीत मांडलं होतं. सैन्य म्हणजे दिवाळीनंतर कुंभाराकडे उरलेले मातीचे मावळे. त्यांच्या पगड्या कानशीनं घासून सातवाहन केले होते आणि उरलेल्यांना मेणाच्या उंच टोप्या चढवून क्षत्रप. घरं म्हणजे शेणमातीनं लिंपलेल्या काड्यापेट्या. शेतं मात्र झकास होती. डॉक्टरांची एक जुनी कॉरड्रॉयची पँट कापून आम्ही तुकडे केले होते, आणि त्या कापडाच्या रेघा थेट नांगरटीच्या तासांसारख्या दिसायच्या.

लढाईआधी दोघांनी आळीपाळीनं डोंगर, ओढा, गाव, शेतं मांडायची असा नियम. खरी लबाडी तिथंच चाले. त्या दिवशी क्षत्रपांचं घोडदळ माझ्याकडे होतं. मला डावी बाजू झाकायची होती, म्हणून ओढ्याकाठच्या सपाटीत मी गाव ठेवलं. शोभेला भोवती शेतं पसरली. नियमाप्रमाणे शेत म्हणजे मोकळी जमीन, तिथून घोडे बिनदिक्कत धावतात. खडकाळ माळाचा तुकडा अडगळ म्हणून कोपऱ्यात सारला.

टेबलाखाली माझी बॅग होती आणि बॅगेत खडकुंब्याची फाइल. खडकुंबं म्हणजे आमच्या तालुक्यातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. नव्या तलावाचं पाणी पुढच्या पावसाळ्यात त्याच्या गावठाणात शिरणार होतं. शेतं बरीचशी वाचत होती, घरं बुडत होती. गाव उचलून कुठं बसवायचं, ती जागा पाहून सुचवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी सुचवलीही होती. डांबरी रस्त्याला लागून सपाट काळं रान, मालक मुंबईला, आणि द्यायला तयार. नकाशावर फूटपट्टीनं घरांच्या सरळसोट रांगा आखल्या होत्या. सोमवारी फाइल कलेक्टर कचेरीत जायची होती. तिकडून शिक्का बसला की दीडशे कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच नांदायचं. पण तेव्हा माझ्या मनात असलं काही नव्हतं. एक काम हातावेगळं झालं, एवढंच वाटत होतं.

"डाक्तरसायेब, हायसा का?"

बाहेरून हाक आली. डॉक्टर पायात चपला सरकवून गेले. अंगणात साठीची एक बाई उभी होती, उंच, काटक, कपाळावर गोंदण. हातातल्या दोरीला शेळी आणि शेळीचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट.

"चंद्राक्का, खडकुंब्याहून चालत आणलीत हिला?"

"मग काय डोक्यावर आणू? कवळा लसूणघास खाल्ला बया, रातच्याला तोंड घातलं कुणाच्या तरी रानात."

खडकुंबं म्हटल्यावर माझे कान टवकारले. डॉक्टरांनी तेलात औषध कालवून शेळीला पाजलं, डाव्या कुशीवर चोळलं आणि अक्काला सांगितलं, "तासभर हलवू नका. पोट उतरू दे. तोवर चहा घ्या."

शेळी शेवग्याला बांधून ती पडवीच्या उंबऱ्याशी टेकली. डॉक्टरांनी दोनदा आत बोलावलं, पण तिचं आपलं "हितंच बरं हाय." कपबशी हातात घेऊन ती टेबलाकडे बघायला लागली.

"पोरांचा खेळ हाय व्हय?"

"पोरांचा कुठला, आमचाच," डॉक्टर म्हणाले.

तिनं तोंडाला पदर लावला. हसू काही लपलं नाही.

"आन् ही खोकी?"

"ते गाव आहे," मी जरा ताठ्यानं म्हणालो.

ती उठली, उंबऱ्याच्या आत एक पाऊल आली आणि मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली. "ह्या गावात कोण ऱ्हातंय? येडी?"

डॉक्टर खदखदून हसले. त्यांना आयता साथीदार मिळाला होता. "अक्का, सांगा यांना! हे पुण्याचे पाहुणे आहेत. यांना वाटतं, गाव कुठंही ठेवता येतं."

"नियमाप्रमाणं ठेवलंय," मी म्हणालो.

"नेम कुणाचा?"

"पुस्तकातला."

"मग त्या पुस्तकवाल्याचंच घर न्ह्या की तितं. पयल्या पुरात जाईल ओढ्याबरूबर." तिनं बशी खाली ठेवली. "आन् ह्ये चट्ट्यापट्ट्याचं कापड कशाचं?"

"शेत."

"पीक कुठलं?"

पुण्यापासून चार वर्षं तो खेळ खेळत होतो, पण शेतात पीक असतं ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"बरं, म्हयना कुठला?"

"कार्तिक धरा," डॉक्टर म्हणाले.

"कार्तिकात शाळू गुडघ्याला आला आसंल. पौषात या म्हणावं, घोडं काय, घोड्यावरचा माणूस बी दिसायचा न्हाई. आन् पावसाळ्यात आलं तर ह्या काळीत समदी घोडी पोटापातुर रुततील."

"ऐका!" डॉक्टर मला म्हणाले. "मोकळी जमीन म्हणे!"

मला राग आला. पुस्तिका माझी, मराठी माझं, आणि शेळीवाली बाई येऊन मला शिकवते. म्हणालो, "मग तुम्हीच मांडून दाखवा ना."

खरं तर तिला गप्प करायला म्हणालो होतो. पण तिनं पदराला हात पुसले, डॉक्टरांकडे एकदा बघितलं, त्यांनी मान हलवली आणि ती आत आली. टेबलावरचं सगळं तिनं दोन्ही हातांनी बाजूला सारलं. माझं घोडदळ आडवं झालं. मग तिनं कोपऱ्यातला खडकाळ माळ उचलून मध्ये आणला.

"ह्यो माळ. हितं काय पिकतंय? कुसळं. मग गाव हितं. जितं पिकत न्हाई तितं माणसानं ऱ्हावं. पिकत्या जमिनीवर बसला तर खाशील काय, भिंती?"

एकेक काड्यापेटी ती माळावर ठेवत गेली. रांगेत नाही. दोन इकडे पाठ करून, तीन तिकडे तोंड करून, मध्ये एक मोकळी जागा.

"काळीत घर उभं ऱ्हात न्हाई बगा. उनाळ्यात भेगा पडत्यात, पावसाळ्यात जमीन फुगती. दोन वर्सांत भित्ताड तोंड वासतंय. पांढरीत, ह्या माळाच्या मुरमाड मातीत, बसलं की पिढ्या जात्यात. हिर हितं, उताराला. हिरीच्या जवळ मळा, माळवं. त्येच्या म्होरं जिराईत. त्येच्या बी पल्याड कुरण. आन् गुरं भायेर काढाया ही वाट सोडायची, न्हायतर रोज कुणाच्या ना कुणाच्या पिकात तोंड घालून भांडणं. खळं हितं, मावळतीचा वारा लागंल आसं."

मी बघतच राहिलो. दोन मिनिटांपूर्वी त्या टेबलावर चिंध्या आणि खोकी होती. आता ते गाव होतं, कुठून माणसं निघतील, कुठून गुरं येतील, सगळं दिसत होतं. शत्रू कुठून येईल आणि कुठं अडेल हेही दिसत होतं.

"आता आमच्याच गावाचं बगा की," ती हात चालवत म्हणाली. "तळ्यात चाललंय. कोन एक सायेब आलता म्हनं जीपगाडीतनं. रस्त्याकडंच्या काळीत गाव बसवायचं ठरीवलं त्येनं. सोन्यावानी रान. तितं घरं बांधायची आन् माळाकडं बगत बसायचं."

डॉक्टर एकदम चहाच्या कपात डोकं घालून बसले.

"पण..." मागची सभा मीच घेतली होती, तरी परक्यासारखं विचारलं. "पण सभा झाली असेल ना? कुणी बोललं का नाही?"

"बाप्ये गेलते सभेला. सायबानं इचारलं म्हनं, कुणाची हरकत हाय का. आता हरकत म्हंजी भांडन. सायबासंगं कोन भांडनार? गाव कुटं बसवू, आसं इचारलं आसतं, तर शेंबड्या पोरानं बी माळाकडं बोट दावलं आसतं."

तो माळ मी पाहिला होता. सरकारी गायरान होतं. दगड आहेत, चढउतार आहे, घरांच्या रांगा सरळ बसत नाहीत, असा शेरा मारून मी त्यावर फुली मारली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी महिनाभर इमानानं केलं होतं, आणि ते मला एका शेळीवालीनंच सांगावं हे बरंच झालं. लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त आनंद झाला. फाइल अजून बॅगेत होती.

वही काढून मी तिचं गाव भराभर उतरवून घ्यायला लागलो.

"झाली सगळी घरं?"

"न्हाई." तिच्या हातात तीन काड्यापेट्या उरल्या होत्या. तिनं त्या माळाच्या खाली, पार खाली, ओढ्याच्या अंगाला उगवतीकडे ठेवल्या.

"ही कुणाची?"

"आमची."

"इतकी लांब?"

"गाव आसंच आसतंय." तिचा आवाज बदलला नव्हता. विहीर कुठं ते सांगितलं त्याच आवाजात सांगत होती. "वारा मावळतीकडनं येतोय न्हवं? गावावरनं आमच्याकडं यावा. आमच्यावरला गावाकडं जाऊ नये."

"आणि ओढ्याचं पाणी?"

"येतंय की. येकांद्या साली उंबऱ्यात."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वा! अगदी हुबेहूब! डॉक्टर, हे कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही!" वाऱ्याची दिशा मी बाण काढून वहीत दाखवली. खाली तीन चौकोन काढले. अक्का माझ्या पेन्सिलीकडे बघत होती.

मग डॉक्टरांना राहवलं नाही. "अक्का, मी मघाशी खोटं बोललो. हेच ते जीपवाले साहेब. तुमच्या गावाची फाइल यांच्याकडेच आहे."

तिनं झटकन पदर डोक्यावर घेतला आणि दोन पावलं मागं गेली, थेट उंबऱ्याबाहेर. "चुकलं सायेब. कायबाय बोलले मी. आडाणी बाईचं काय मनावर घिऊ नगा."

"छे छे, उलट तुम्ही माझे डोळे उघडलेत. गाव माळावरच होईल. तुमचं सगळं लिहून घेतलंय मी."

"समदं? त्ये... खालचं बी?"

"एकही गोष्ट सोडली नाही," मी अभिमानानं म्हणालो.

तिनं एकदा टेबलावरच्या त्या तीन पेट्यांकडे बघितलं. शेळीचं पोट उतरलं होतं, तिनं दोर सोडला आणि ती गेली. त्या दिवशी आमची लढाई झालीच नाही.

सोमवारी फाइलवर 'माझी यापूर्वीची पाहणी अपुरी व चुकीची होती' हे एक वाक्य लिहायला मला तासभर लागला. तहसीलदारसाहेब आधी खवळले. "शासनाला काय वाटेल? नायब तहसीलदार झोपेत पाहणी करतो?" मग माळ सरकारी आहे, कुणाला मोबदला द्यावा लागत नाही हे ध्यानात आलं आणि ते मवाळ झाले. नव्या प्रस्तावासाठी महिन्याची मुदत मिळाली. मी स्वतः माळावर चार दिवस पायी हिंडलो, मुरूम कुठं आहे, पाझर कुठं आहे ते पाहिलं. अक्काचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण काहीतरी कामाचं करतोय असं वाटत होतं.

नवा आराखडा मी स्वतः काढला. माळावर एकशे अठ्ठावीस घरं. ओढ्याच्या अंगाला, उगवतीकडे, बावीस घरं. शेजारी टीप: 'स्थानिक वहिवाट व वाऱ्याची दिशा विचारात घेऊन'. ते वाक्य मला फार आवडलं होतं, दोनदा वाचून काढलं.

डॉक्टरांनी आराखडा पाहिला तेव्हा त्यांचं बोट त्या बावीस चौकोनांवर थांबलं. "सबनीस, हे खालचं..."

"अहो, तिनंच मांडलं ना? तुमच्यासमोर?"

डॉक्टरांनी आराखड्याची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. माणूस चांगला, पण त्यांनाही त्याच गावांतून हिंडायचं होतं.

मार्गशीर्षात खडकुंब्याला शाळेपुढं सभा भरवली. आराखडा फळ्याला टाचण्यांनी लावला. या वेळी मी शहाणा झालो होतो. हरकत वगैरे शब्द न काढता आधी विचारलं, "गाव कुठं बसावं असं तुम्हाला वाटतं?" मैदानातून एकच कल्ला झाला, "माळावर!" मी फळ्यावरचा माळ दाखवला तशा टाळ्या पडल्या. एक म्हातारा म्हणाला, "पयल्यांदा सरकारला आक्कल आली." मीही हसलो. सरपंच आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग मी एकेक वाचत गेलो. विहीर, मळ्याची वाट, खळ्याची जागा. बावीस घरांचं वाचलं तेव्हा मैदानात कुणाला काही खटकलं नाही. लोक माना डोलवत होते. शेवटी कागद पुरा करायचा म्हणून विचारलं, "कुणाची काही हरकत?"

शाळेच्या भिंतीकडेला चार-सहा बायका उभ्या होत्या. त्यातून एक हात वर आला.

"हाय. माजी हाय."

चंद्राक्का होती.

"ए चंद्रे, खाली बस," आप्पा म्हणाले. "बाप्ये बोलत्यात दिसत न्हाई?"

"बोलू द्या त्यांना," मी म्हणालो. ती माझे आभारच मानणार अशी माझी खात्री होती.

ती पुढं आली नाही. भिंतीपासूनच बोलली, पण मैदानभर ऐकू गेलं. "आमची बावीस घरं वड्यात कशापायी?"

आणि मग आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते असं वाक्य मी बोललो. "चंद्राबाई, तुम्हीच तर मांडली होती तिथं. डॉक्टरांच्या घरी. माझ्या वहीत आहे."

कुणीतरी फिसकन हसलं.

"व्हय. मीच मांडली." ती हसणाऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "साठ वर्सं हाताला सवं हाय, सायेब. हात आपसूक खाली गेला. तुमी वहीत चौकोन काडलं तवा माजं मला दिसलं म्या काय केलं त्ये. तवा बोलाया जीभ उचलली न्हाई. म्हयनाभर नीज न्हाई मला." मग ती थांबली. दम लागला म्हणून नाही, तिला नीट विचारायचं होतं. "पर तुमी तर पुण्याचं. शिकल्यालं. खडकुंब्यात तुमचं घर न्हाई, दार न्हाई, भाऊबंद न्हाईत. तुमच्या हाताला कशाची सवं हुती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मांडलं म्हणून मी मांडलं, हे अर्धंच खरं होतं. ती मांडत असताना मला ते बघून बरं वाटलं होतं. खरं गाव हुबेहूब जमलं म्हणून बरं वाटलं होतं. त्या तीन खोक्यांत पाणी शिरतं हे ऐकूनही मी 'वा' म्हणालो होतो, आणि नंतर चार दिवस तो माळ पायी तुडवताना एकदाही खाली ओढ्याकडे गेलो नव्हतो.

आप्पा माझ्या कानाशी लागले. "साहेब, तिकडं लक्ष देऊ नका. गाव बसवायचं म्हणजे गावासारखं बसवायला पाहिजे. आजवर चालत आलं तसं. तुम्ही केलंय ते अगदी बरोबर केलंय."

आप्पांचं बोलणं आणि आराखड्यावरची माझी टीप यांत काडीचा फरक नव्हता.

मी खिशातलं पेन काढलं आणि फळ्यावरच्या आराखड्यात त्या बावीस चौकोनांवर काट मारली. टीप खोडली. बाजूला सही करून तारीख घातली. पुढचे तीन कर्ते लोक उठून चालायला लागले, त्यांच्यामागं आणखी बरेच. आप्पा म्हणाले, "साहेब, हे महागात पडंल." आणि पडलं. आमदारांचा फोन, तहसीलदारांचा मेमो, चौकशी, आणि उन्हाळ्याच्या आत माझी बदली, तीनशे किलोमीटर लांब, रेकॉर्ड रूममध्ये. पुढची सात वर्षं मला कुणी जागेवर पाहणी करायला म्हणून पाठवलं नाही. पण एवढं होऊनही आराखड्यावरची काट कुणाला पुसता आली नाही, कारण ती भरसभेत मारलेली होती आणि सभेच्या नोंदीत आली होती.

हे सगळं नंतर. त्या दुपारी मैदानात निम्मे लोक उरले होते आणि मी भिंतीपाशी चंद्राक्कापुढं उभा होतो.

"मग तुमची घरं कुठं घेऊ?" मी विचारलं.

तिनं मागच्या बायकांकडे बघितलं, त्यांच्यातली एक तिच्या दंडाला धरून होती.

"कुटं बी घ्या. आमाला मागं नगं, म्होरंच पायजे आसं बी न्हाई. समद्या जागांच्या चिठ्ठ्या टाका." मग बोट वर करून म्हणाली, "फकस्त डबा येकच ठिवा, सायेब. गावाचा येक आन् आमचा येक, आसं करू नगा."

मास्तरांनी खडूंचा डबा रिकामा करून आणला. आराखड्यात माळावर बावीस जागा वाढवून दीडशे जागांचे नंबर मी चिठ्ठ्यांवर लिहीत बसलो. ऊन शाळेच्या कौलांवरून उतरलं तेव्हा डबा भरला. गेलेल्यांपैकी काही लोक परत येऊन लांबच उभे राहिले होते, डब्यात हात घालायला मात्र कुणी पुढं येईना.

मग चंद्राक्का पुढं आली, तिनं पदर खोचला आणि डब्यात मनगटापर्यंत हात घातला.